अँकीड्रॉइड ॲप: एसएसएलसीच्या पोरांनी घ्यावं का?

घ्यावंच. अँकीड्रॉइड म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं बनवून पाठांतर करायचं ॲप, आणि एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावी. पाठ केलेलं दोन दिवसात उडून जातंय म्हणणाऱ्यांनी तर नक्की. माझा धाकटा भाऊ यंदा एसएसएलसीला आहे, मराठी मीडियम, आणि समाजविज्ञान, कन्नड दोन्ही ह्याच्यावरच करुलालाय. अँड्रॉइडवर पूर्ण फ्री, जाहिरात एक पण नाही, नेट नसलं तरी चालतंय, आणि आमच्या खानापूर साइडला रेंजचं काय ते सगळ्यांना माहितीच आहे. आयफोनवाल्यांना मात्र पैसे भरायला लागतात.

कार्डावर पुढं प्रश्न, मागं उत्तर. आधी आपण आठवायचं, मग उत्तर उघडायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यातलं एक बटण दाबायचं. चुकलं की ते कार्ड थोड्या वेळात परत येतंय, बरोबर आलं की काही दिवसांनी, मग त्याहून उशिरा. विसरत आलेलं जोर लावून आठवलं की पक्कं बसतंय, सगळी करामत एवढीच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रयोग छापला होता, परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टमध्ये पुढं होते पण आठवड्यानं बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणून नुसतं हायलायटरनं पान पिवळं करत बसू नका म्हणते मी.

कन्नडचं निन्ने (काल), मोन्ने (गेलेला परवा), नाळे (उद्या), नाडिद्दु (येणारा परवा) भाऊ कायम घोळवायचा. प्रत्येकाचं वेगळं कार्ड केलं, सोबत छोटं वाक्य, 'नाळे शाले इल्ल' (उद्या शाळा नाही) असलं. आता दुकानात पण न अडखळता बोलतो.

आपल्या मराठी मीडियमच्या पुस्तकाला जुळणारी रेडीमेड कार्डं मला मिळाली नाहीत, स्वतः बनवायला लागतात, वेळ जातो, पण बनवता बनवताच निम्मा धडा होतो. एका कार्डात एकच गोष्ट घाला. बेळगावचं काँग्रेस अधिवेशन कुठल्या साली, 1924, हे एक कार्ड, अध्यक्ष कोण, गांधीजी, हे दुसरं. अख्खा पॅराग्राफ कोंबला की काय आलं आणि काय नाही तेच कळत नाही.

दिसायला ॲप एकदम रुक्ष आणि सेटिंग किचकट. रोज 20 नवीन कार्डं आधीच लावलेली असतात, ती कमी करून घ्या, नाहीतर चार दिवस लग्नाला गेलात की जुन्यांचा ढीग साचतो आणि पोरं कंटाळून सोडून देतात. गणिताला फक्त सूत्रांपुरतं बरं, बाकी वहीतच सोडवायला पाहिजे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.