गाळलेल्या जागा आणि जस्टिफाय केलेला मजकूर: वर्ड, इनडिझाइन, लाटेक की टाइप्स्ट?

"सूर्य ________ दिशेला मावळतो" असं एखादंच सुटं वाक्य असेल तर पुढचं काही वाचू नका, अंडरस्कोर दाबून धरा आणि मोकळे व्हा. डोकेदुखी सुरू होते ती अख्खा उतारा असला की. बारा-पंधरा ओळी, दोन्ही कडा सरळ, आणि मधेमधे सात-आठ जागा गाळलेल्या. जस्टिफाय म्हणजे काय तर सॉफ्टवेअर शब्दांमधल्या स्पेसा ताणून ओळ भरतं, आणि आपली रिकामी जागा दिसायला स्पेससारखी असली तरी तिने ताणायचं नसतं आणि ओळीच्या टोकाला गायबही व्हायचं नसतं. शिवाय उताऱ्यातल्या सगळ्या रेघा एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर पोरं लांबी बघूनच उत्तर ओळखतात (मी तरी तेच करायचो).

वर्डपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांकडे तेच असतं. स्पेसबार दाबत सुटायचं आणि त्याला अंडरलाइन द्यायची ही सगळ्यांची पहिली आयडिया, आणि तीच सगळ्यात वाईट. जस्टिफायमध्ये त्या स्पेसा प्रत्येक ओळीत वेगळ्या ताणल्या जातात आणि ओळीच्या शेवटी आल्या तर मार्जिनमध्ये विरघळतात, रेघ गेली की गेली. टॅब लीडर, म्हणजे टॅबची मोकळी जागा आपोआप भरणारी रेघ, ओळीच्या शेवटापर्यंत जाणाऱ्या रेघेला उत्तम, नाव-वर्ग-तुकडी वगैरेसाठी, पण उताऱ्याच्या मधे टॅब टाकला की त्याच्या आधीचा मजकूर जस्टिफाय व्हायचा थांबतो. राहिला अंडरस्कोर. तो ताणत नाही, पण पूर्ण रेघ म्हणजे एक लांबलचक शब्द, मावला नाही की उडी मारून खालच्या ओळीत, आणि वरच्या ओळीत शब्दांमधे बैलगाडी जाईल एवढी भगदाडं. तरी वर्डच वापरायचं असेल तर बारा अंडरस्कोरची एक ऑटोकरेक्ट एंट्री (छोटा संकेत टाइप केला की पूर्ण रेघ आपोआप येते) करून ठेवा म्हणजे दरवेळी मोजायला नको, आणि भगदाड पडलं तिथे वाक्यच थोडं बदला.

इनडिझाइनमध्ये, म्हणजे अडोबीच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, याचं नीट उत्तर आहे पण मेनूत खोल लपलंय. टाइप मेनूत इन्सर्ट व्हाइट स्पेसमध्ये दोन नॉनब्रेकिंग स्पेस (जिच्यावर ओळ तुटत नाही अशी स्पेस) दिसतील, त्यातली फिक्स्ड विड्थवाली घ्यायची. साधी नॉनब्रेकिंग जस्टिफायमध्ये ताणली जाते, ही ताणली जात नाही. अशा पंधरा-वीस सलग टाका, त्यांना एक कॅरेक्टर स्टाइल (अक्षरांच्या रूपाचा नाव देऊन जपलेला साचा) द्या आणि त्या स्टाइलच्या अंडरलाइन ऑप्शनमध्ये जाडी नि ऑफसेट (रेघ किती खाली) ठरवा. पुढे पुस्तकभर रेघ खाली सरकवायची झाली तर एकाच ठिकाणी आकडा बदलायचा. शिवाय ओळी कुठे तोडायच्या ते ठरवणारा इनडिझाइनचा पॅराग्राफ कंपोझर एकेक ओळ न बघता अख्खा परिच्छेद बघून ओळी तोडतो, त्यामुळे तीच लांब रेघ असली तरी भगदाडं वर्डपेक्षा कमी पडतात. मराठीसाठी फक्त वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर रेघांचं सोडा, जोडाक्षरंच फुटतील.

लाटेकमध्ये मजकूर आणि कमांड साध्या फाइलमध्ये लिहायच्या आणि त्यातून छापायचं पान बनवून घ्यायचं. तिथे नवखे लोक एचरूलफिल वापरतात आणि फसतात. ती कमांड म्हणजे उरलेली सगळी जागा खाणारी रेघ, तिची स्वतःची लांबी शून्य. परिच्छेदाच्या मधे टाकली तर कधी बोटभर, कधी अर्धी ओळ, आणि ओळ नेमकी तिथेच तुटली तर काहीच नाही. ठरलेल्या लांबीसाठी रूल कमांड वापरा: तीन सेंटिमीटर लांब, ०.४ पॉइंट जाड, बेसलाइनच्या (अक्षरांचा तळ टेकतो त्या रेषेच्या) दोन पॉइंट खाली. ही एकसंध असते, हलत नाही.

माझं मत लाटेककडे झुकतं ते मात्र उत्तरसूचीमुळे. एक छोटी कमांड बनवायची, तिच्यात मेकबॉक्स, म्हणजे ठरलेल्या रुंदीची अदृश्य चौकट, विद्यार्थ्यांच्या प्रतीत तो रिकामा आणि शिक्षकांच्या प्रतीत त्यात उत्तर. फाइल एकच, रुंदी तीच, म्हणून दोन्ही प्रतींत ओळी अगदी त्याच जागी तुटतात. फक्त उत्तराखाली रेघ द्यायला अंडरलाइन कमांड वापरू नका, ती मजकूर जितका खाली जाईल त्याच्या खाली रेघ मारते, म्हणजे 'गुरू'ची रेघ खाली आणि 'राम'ची वर. इंग्रजीवाल्यांना हा त्रास कमी, आपल्या उकारांमुळे लगेच डोळ्यात येतो. उत्तर वेगळं ठेवायचं आणि रेघ रूलनेच काढायची.

टाइप्स्टही लाटेकसारखंच कमांड लिहून पान बनवायचं साधन, पण नवीन आहे, २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि या कामात ते सगळ्यात कमी छळतं. तीन सेंटिमीटरचा बॉक्स, फक्त खालच्या बाजूला स्ट्रोक (कडेची रेघ), झाली रिकामी जागा. ओळ संपेपर्यंत रेघ हवी तर रुंदीत सेंटिमीटरऐवजी एक एफआर (1fr, म्हणजे ओळीत उरलेली जागा) लिहायचं. बदल केला की लगेच पान समोर दिसतं, लाटेकसारखं कंपाइल करून (फाइलचं पान बनवून) वाट बघत बसावं लागत नाही.

तर एखादी वर्कशीट उद्या सकाळी हवी असेल तर वर्ड. चित्रं, चौकटी, रंग असलेलं छापील पुस्तक असेल तर इनडिझाइन. शेकडो प्रश्न आणि सोबत उत्तरसूची असेल तर लाटेक, आणि तुम्हाला इनडिझाइन-लाटेकमधलं काहीच येत नसेल, शून्यापासूनच शिकायचं असेल, तर सरळ टाइप्स्ट शिका.

आणि काहीही निवडा, एक पान छापून पेनने 'आत्मविश्वास' लिहून बघा. स्क्रीनवर ऐसपैस वाटणारी तीन सेंटिमीटरची रेघ चौथीतल्या मुलाच्या अक्षराला 'आत्मवि'वरच संपते.