आधी ‘ब्रेकिंग बॅड’ की ‘बेटर कॉल सॉल’?

दोन्ही मालिका एकाच जगातल्या, अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात घडणाऱ्या. ‘ब्रेकिंग बॅड’ 2008 ते 2013 या काळात आली, पाच सीझन, 62 भाग. ‘बेटर कॉल सॉल’ 2015 ते 2022, सहा सीझन, 63 भाग. म्हणजे वेळ दोन्हींना जवळपास सारखाच द्यावा लागतो. गोंधळ होतो तो क्रमावरून: नंतर आलेल्या मालिकेची गोष्ट आधीची आहे, 2002 पासून सुरू होणारी. मग काळाच्या क्रमानं पाहावी का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. आधी ‘ब्रेकिंग बॅड’च.

कारण ‘बेटर कॉल सॉल’चा अगदी पहिला प्रसंग. कृष्णधवल, जवळजवळ मुका. एका मॉलमध्ये मिशीवाला माणूस दालचिनीचे रोल बनवतोय आणि गिऱ्हाइकांत कुणी ओळखीचं तर नाही ना, या धास्तीनं त्याची नजर भिरभिरतेय. ‘ब्रेकिंग बॅड’ पाहिलेल्याच्या पोटात इथेच खड्डा पडतो. न पाहिलेल्याला नुसता एक थकलेला माणूस दिसतो.

आता स्वभावातला फरक. ‘ब्रेकिंग बॅड’ तुम्हाला ओढत नेते. कॅन्सर झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक अमली पदार्थ बनवायला लागतो, आणि पुढे काय, पुढे काय, असं करत रात्रीचे तीन कधी वाजतात कळत नाही. पण ती माझ्या मनात घर करून बसली ते गोळीबारामुळे नव्हे, एका ताटलीमुळे. पहिल्याच सीझनमध्ये या शिक्षकानं, वॉल्टरनं, एका माणसाला तळघरात बांधून ठेवलंय. त्याला मारावं की सोडावं, याची तो दोन रकान्यांत यादी करतो. खायला सँडविच नेतो, वाटेत भोवळ येऊन पडतो, ताटली फुटते. तो कैद्याशी बोलतो, त्याच्या लहानपणाच्या गोष्टी ऐकतो, सोडायचं जवळजवळ ठरवतो. मग कचऱ्यातले तुकडे ओट्यावर जुळवत बसतो, आणि एक लांब, टोकदार तुकडा काही सापडत नाही. एक शब्द न बोलता सगळं समजतं. वॉल्टरच्या भूमिकेसाठी ब्रायन क्रॅन्स्टनला चार एमी (अमेरिकेतले टीव्ही पुरस्कार) मिळाले, त्यातला एकही मला जास्तीचा वाटत नाही.

उणिवाही आहेत. पहिला सीझन लेखकांच्या संपामुळे सात भागांवरच थांबला आणि त्याचा सूर जरा हेलकावे खातो. शेवटच्या सीझनमधली खलनायकांची टोळी आधीच्या खलनायकाच्या, गस फ्रिंगच्या, पासंगालाही पुरत नाही. पण मला खरा त्रास झाला तो प्रेक्षकांचा. वॉल्टरची बायको स्कायलर हिचा इतका द्वेष झाला की तिची भूमिका करणाऱ्या अॅना गनला 2013 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला. पहिल्यांदा पाहताना मलाही ती कटकटी वाटली होती. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा कळलं, त्या घरात खरं काय चाललंय हे विचारणारी ती एकटीच होती. तुम्ही पहिल्याच खेपेला तिच्या बाजूनं पाहा.

‘बेटर कॉल सॉल’ घाई करत नाही. पहिले दोन सीझन तर वकिलांची गोष्ट आणि माजी पोलीस माइकची गोष्ट अशा दोन वेगळ्या मालिका चालल्यासारख्या वाटतात, धागे जुळायला वेळ लागतो. हातात मोबाइल घेऊन पाहणार असाल तर हिच्या वाट्याला जाऊ नका. मात्र लक्ष देऊन पाहिलीत तर ती जे देते ते ‘ब्रेकिंग बॅड’कडेही नाही. जिमीचं, म्हणजे पुढे सॉल होणाऱ्या वकिलाचं, काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं. त्याची वकील मैत्रीण किम वेक्सलर हिचं ठाऊक नसतं. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये ती कुठेच नाही, आणि तो रिकामेपणा सहाही सीझन जीव टांगणीला लावतो. पहिल्या भागात पार्किंगमध्ये दोघं भिंतीला टेकून उभे असतात. तो तिच्या ओठांतली सिगारेट काढतो, एक झुरका घेतो, परत तिथेच ठेवतो. बोलणं जेमतेम. इतक्या वर्षांची ओळख तेवढ्यात सांगून होते.

आणि चक. धाकट्या भावावर, म्हणजे जिमीवर, जीव असलेला आणि त्याच्यावर कधीच विश्वास न ठेवू शकणारा थोरला भाऊ. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात हे दोघे सुनावणीत समोरासमोर येतात. हत्यार काय, तर मोबाइलची एक बॅटरी. घरातलं भांडण इतकं खरं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

या मालिकेला 53 एमी नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. रिया सीहॉर्नला किमसाठी पहिलं नामांकन मिळायला 2022 उजाडलं. मला हा सरळ अन्याय वाटतो.

एकच पाहण्याइतका वेळ असेल, तर? थरार हवा असेल, चारचौघांत बसून पाहायची असेल, तर ‘ब्रेकिंग बॅड’. एकट्यानं, सावकाश, माणसांसाठी पाहणार असाल तर ‘बेटर कॉल सॉल’, आणि माझं मन तिच्याकडेच झुकतं. दोन्ही पाहणार असाल तर मध्ये महिनाभर जाऊ द्या. वॉल्टरचा आवाज कानातून उतरला की मग तो मॉलमधला कृष्णधवल प्रसंग लावा, आणि तो पुढे ढकलू नका.