कचेरी, हॉटेल, कारखाना की घर? गोव्यात नोकरी शोधणाऱ्या ऑटिस्टिक माणसासाठी

मी ऑटिस्टिक आहे आणि फोंड्यात राहते. पूर्वी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात होते, आता औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. माझा मामेभाऊही ऑटिस्टिक, तो सरकारी कचेरीत कारकून आहे. त्यामुळे ओळखीपाळखीतली कुणाची आई, कुणाचा थोरला भाऊ, कधी नुकतीच पदवी झालेला मुलगा स्वतःच विचारायला येतो: अर्ज कुठे करू? पगार किती, सुट्ट्या किती हे सगळीकडे कळतं, म्हणून त्यात मी फार शिरत नाही. मला एवढंच कळलंय की नोकरी ज्या गुणावर मिळते त्या गुणावर ती टिकत नाही, आणि आपल्या बाबतीत हे अंतर फार मोठं असतं. त्यामुळे प्रत्येक जागेबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आत शिरायचं कसं? आणि सहा महिन्यांनंतरचा एखादा साधा मंगळवार कसा जाईल?

आत शिरताना

हॉटेलचं दार सगळ्यात रुंद. चतुर्थी आटोपली की सीझनसाठी माणसं लागतात. बायोडाटा बघतात, दहा मिनिटं बोलतात आणि सोमवारपासून या म्हणतात. पण ती दहा मिनिटंच आपल्याला जड जातात. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर किती सांगून थांबायचं, हे कुणी सांगत नाही. लॉन्ड्री, स्टोअर, बेकरी अशी पाहुण्यांसमोर न येणारी कामं मागितली तर हे बोलणं कमी होतं. ‘मुलाखतीऐवजी एक दिवस काम करून दाखवतो’ असं सरळ म्हणून बघा, स्वयंपाकघरात ही भाषा पटकन समजते. लेमन ट्री साखळीने 2007 पासून कर्णबधिर कर्मचारी घ्यायला सुरुवात केली, पुढे डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्यांनाही घेतलं. म्हणजे हॉटेल आपल्यासाठी नाहीच, असं समजू नका.

सरकारी कचेरीचं दार अरुंद, पण नियम छापलेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. वाटेकरी इतके असल्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘दिव्यांग’ वाचून हुरळू नका, जागा कोणत्या प्रकारासाठी आहे ते बघा. राखीव जागेसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ऑटिझमचं प्रमाण ठरवायला आपल्याकडे आयएसएए ही 40 मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्यातले बरेच मुद्दे मुलांच्या वागण्याकडे बघून केलेले आहेत, त्यामुळे शिकलेल्या, बोलणाऱ्या प्रौढाचे गुण कमी भरू शकतात. वैद्यकीय मंडळासमोर जाताना तुमचं लहानपण पाहिलेलं माणूस बरोबर न्या. आणि आयुष्यभर जे झाकायला शिकलात ते त्या दिवशी तरी झाकू नका.

गोवा सरकारच्या नोकरीला शिवाय 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणी लागते. जाहिरातीत कोकणी आवश्यक आणि मराठी इष्ट असं लिहिलेलं असतं. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या आपल्या मुलांची इथे भाषेवरून अडचण होऊ नये, पण कोकणी लिहिण्यावाचण्याचा सराव ठेवलेला बरा. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा संगणकावर होते, आणि समोर माणूस नसून प्रश्न असणं हे आपल्यातल्या अनेकांना मानवतं. मामेभाऊ मुलाखतींत सतत मागे पडायचा, तो परीक्षेत वर आला.

कारखान्याला दोन दारं आहेत, कंपनीचं आणि कंत्राटदाराचं. वेर्णा, कुंडई, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत बरीच माणसं कंत्राटदारामार्फत लागतात. ते दार लवकर उघडतं, पण काम पक्कं नसतं. प्रयोगशाळा, स्टोअर, गुणवत्ता या विभागांसाठी बीएस्सी, फार्मसी किंवा आयटीआय असेल तर कंपनीतच थेट अर्ज करा, तिथे बोलण्यापेक्षा विषयाची माहिती जास्त विचारतात. संगणकाच्या क्षेत्रात एसएपीसारख्या कंपनीने 2013 पासून ऑटिस्टिक माणसांसाठी वेगळी भरती चालवली, पण त्यांचं भारतातलं मोठं केंद्र बंगळूरला आहे. घर सोडून परक्या शहरात एकट्याने राहणं ही नोकरीहून मोठी परीक्षा ठरू शकते, ते धरून विचार करा.

साधा मंगळवार

हॉटेलात माझं काम बँक्वेटच्या स्टोअरमध्ये होतं, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या बोळात. डोक्यावर धूर ओढणाऱ्या पंख्याची घरघर, बाजूला भांडी धुण्याच्या यंत्राची वाफ, कमरेच्या वॉकीटॉकीवर तीन माणसं एकदम बोलत असायची. चमचे मोजत असले की मॅनेजर म्हणायचा, ‘ते सोड, जरा त्या बाजूचं बघून घे.’ कुठली बाजू, काय बघायचं, कधीपर्यंत, काहीच नाही. अर्ध्या तासाने तोच विचारायचा, ‘चमचे झाले का मोजून?’ बाकीच्यांना हे कळायचं, ते एकमेकांच्या चेहऱ्यावरून काम उचलायचे. मी घरी येऊन दिवा न लावता बसायची. आई दाराशी येऊन म्हणायची, ‘गो बाय, जेवून तरी घे,’ आणि मला उत्तर द्यायलाही शब्द सापडायचे नाहीत. असे महिने गेले की माणूस आजारी पडतो आणि लोक त्याला आळशी म्हणतात.

त्याच हॉटेलची बेकरी मात्र वेगळं जग होती. पहाटेचं काम, दोन माणसं, भिंतीवर ग्रॅममध्ये लिहिलेली कृती, रोज तोच पाव. म्हणून हॉटेल बरं की वाईट असं न विचारता, त्यातलं कोणतं खातं, हे विचारा.

कारखान्यात एक बॅच संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी पॅकिंगच्या लाइनवर आधीच्या औषधाचं काही उरलेलं नाही ना, हे तपासून सही करावी लागते. त्याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. मी गुडघ्यांवर बसून पट्ट्याखाली टॉर्च मारते, छपाईयंत्राच्या मागे बघते, उरलेली लेबलं मोजून परत गेली का ते कागदावर जुळवते. क्रम ठरलेला, यादी छापलेली. कोपऱ्यात जुन्या गोळ्यांची एक पट्टी जरी सापडली तरी लाइन सुरू होत नाही, आणि ‘घाई आहे’ म्हणणाऱ्या माणसापेक्षा माझ्या सहीला वजन असतं. ‘लिहिलं नाही ते झालं नाही’ असं आमच्या विभागात म्हणतात. ज्या बारीक बघण्यावरून मी शाळेपासून बोलणी खाल्ली, त्यालाच इथे काम म्हणतात. हे मी फार आनंदाने लिहिते आहे.

त्रास आहेत. आत जाताना डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातमोजे, अंगभर झगा. कापडाचा किंवा इलॅस्टिकचा स्पर्श ज्यांना सहन होत नाही त्यांनी हे आधी घालून बघावं, कारण त्यात सूट मिळत नाही. हवा खेळवणाऱ्या यंत्रांचा घुमारा दिवसभर असतो, पण तो एकसारखा असतो. मला एकसारखा आवाज चालतो, अचानक येणारा नाही. तुमचं उलट असू शकेल. जेवणाच्या सुट्टीतलं कँटीन सगळ्यात वाईट, म्हणून मी परवानगी घेऊन गर्दीच्या आधी जेवते.

कचेरीतला मंगळवार टेबलावर ठरतो. मामेभावाला सुरुवातीला खिडकीवर बसवलं होतं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कुठला तरी दाखला, ‘साहेब आहेत का’, ‘मग कधी येऊ’, सगळे एकाच वेळी. तो दुपारपर्यंत गप्प व्हायचा आणि लोकांना ते उद्धटपणाचं वाटायचं. मग हेडक्लार्क बाईंनी त्याला आवक-जावक आणि रेकॉर्डरूम दिली, रोज सकाळी कागदावर कामाचा क्रम लिहून दिला. आज त्या कचेरीतली जुनी फाइल हवी असेल तर सगळे त्यालाच विचारतात. फरक पडला तो एका समजूतदार बाईमुळे, आणि हे लक्षात ठेवायला हवं.

घरून काम, म्हणजे हिशेब, मुद्रितशोधन, भाषांतर, डेटाची कामं. आवाज नाही, प्रवास नाही, कपड्यांची सक्ती नाही. पण दिवसाला आकार आपणच द्यायचा, पैशांसाठी पाठपुरावा आपणच करायचा, आणि पावसाळ्यात गावात वीज गेली की मुदत सांभाळायचीही आपणच. घरच्यांना ते काम वाटत नाही, अध्येमध्ये हाका मारत राहतात. पहिली नोकरी म्हणून मी हे सुचवणार नाही. थकून बाहेर पडलेल्या माणसाला मात्र हा चांगला आसरा आहे.

बदल कुठून येतो

हॉटेलात बदल रोज येतो आणि न सांगता येतो. पावसाळ्यात काम आटतं, तेव्हा सीझनपुरत्या माणसांना घरी बसवतात. कारखान्यात बदल पाळीचा. आठवड्याला शिफ्ट फिरली की झोप आणि जेवण दोन्ही मोडतं, आणि आपल्याला ते सावरायला इतरांपेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून जनरल, म्हणजे रोज दिवसाची एकच ठरलेली शिफ्ट मिळेल का, हे रुजू होण्याआधी विचारा, त्यासाठी थोडा पगार सोडावा लागला तरी माझ्या मते सोडावा. कचेरीत बदल कमी, पण आला की मोठा: बदली, नवा साहेब, निवडणुकीची ड्युटी. केंद्र सरकारच्या 2014 च्या सूचनांप्रमाणे दिव्यांग कर्मचाऱ्याला फिरत्या बदलीतून सूट देता येते, तेव्हा केंद्राच्या कचेरीत असाल तर तसा अर्ज जरूर करा.

ऑटिझम आहे हे सांगायचं की नाही

इथे कायदाच दोन पारडी करतो. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी दिल्याच पाहिजेत, असं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं. खाजगी कंपनीवर तितकं थेट बंधन नाही, पण प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असं कलम 21 म्हणतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठी कोणती पदं आणि सोयी आहेत हे हवं, आणि एक संपर्क अधिकारीही नेमलेला हवा. ते धोरण मागून घ्या. ज्या कंपनीला ते काय आहे हेच ठाऊक नाही, तिच्याबद्दल तुम्हाला पुष्कळ कळलेलं असतं. तक्रारीसाठी गोव्यात राज्य दिव्यांगजन आयोग आहे. प्रमाणपत्र असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व असेल तर 1,25,000 ची.

राखीव जागेवर लागलात तर सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. हॉटेलात मी सांगितलं नव्हतं, कारखान्यात रुजू होतानाच सांगितलं, आणि सांगणंच मला सोपं गेलं. पण ‘मला ऑटिझम आहे’ एवढ्यावर थांबलं की समोरचा गोंधळतो. तो एक तर दया दाखवतो, नाहीतर सांभाळून, लांबून वागू लागतो. त्याला काय करायचं ते सांगा. मी दिलेल्या पत्रात एवढंच होतं: ‘काम लिहून द्यावं. दोन कामं एकदम आली तर आधी कोणतं ते सांगावं. शिफ्ट बदलायची असल्यास आदल्या दिवशी कळवावं. मी बोलताना डोळ्यांत बघत नाही, पण ऐकत असते.’ पत्र मनुष्यबळ विभागाला दिलं तरी त्याची प्रत थेट वरिष्ठाला द्या, कारण तुमचा मंगळवार त्याच्याच हातात असतो. आणि वरिष्ठ बदलला की नव्याला पहिल्याच आठवड्यात पुन्हा द्या. जुन्याने सांगितलं असेल, यावर विसंबू नका.