राजारामपुरीतला वाचनाचा क्लास: टीचर लई भारी, रिपोर्टवर मात्र जाऊ नका

पोरगी तिसरीत, मराठी वाचताना अडखळायची म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचनाच्या क्लासला घातली. नाव टाकत नाही, माणसं चांगली आहेत. टीचर तर एक नंबर, ओरडणं नाही काही नाही, जोडाक्षरं अशी पक्की करून घेतल्यात की आता पोरगी रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटते.

घोळ आहे तो रिपोर्टमध्ये. सुरुवातीला मिनिटाला ४० च्या आसपास शब्द, शेवटी ७५, रंगीत ग्राफ व्हॉट्सॲपवर आला की घरातले सगळे खूष. पण उतारा तोच की वो! तीच गोष्ट क्लासमध्ये वाचायची, तीच घरी, आणि टेस्ट पण तिच्यावरच, शेवटी शेवटी तर ही कागदाकडं न बघताच म्हणायला लागली. मग करवीर नगर वाचन मंदिरातनं आणलेल्या पुस्तकातलं कधी न बघितलेलं पान दिलं, मोबाईलवर टायमर लावला, तर गाडी ५५ वर. पान जरा अवघड होतं असं धरलं तरी ७५ काय खरे नव्हेत. अर्थात ४० वरनं ५५ पण काय कमी नाही.

आणि परत परत वाचून घेणं चुकीचं नाही हां, जुनी पद्धत आहे, अमेरिकेत १९७९ पासनं त्यावर लिहिलं गेलंय. शब्द ओळखायला डोकं कमी खर्चलं की अर्थाकडं लक्ष जातं. फक्त घोटलेल्या उताऱ्यावर जेवढी वाढ दिसते तेवढी नव्यावर दिसत नाही, म्हणून टेस्टला दरवेळी तेवढ्याच अवघडीचा नवा उतारा पाहिजे, तीन देऊन मधला आकडा धरला तर अजून बरं. केंद्र सरकारच्या निपुण भारत या लहान पोरांच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत पण तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द म्हटलंय, पण समजून वाचलेले. इथं समजलं का नाही याचा रकानाच नाही, गोष्टीतला कोल्हा का पळाला विचारलं तर आमची गप्प.

टीचरना बोललो तर म्हणाल्या, "अहो, पालकांना आकडा वाढलेलाच बघायचा असतोय." ते पण खरंच म्हणा.

सरावासाठी बिनधास्त घाला, फक्त ॲडमिशन घेताना टेस्टचा उतारा बदलणार का ते विचारून घ्या. पाचपैकी साडेतीन स्टार. एक रिपोर्टचा कापलाय, अर्धा पार्किंगचा, संध्याकाळच्या बॅचला गाडी कुठं लावायची हे त्यांनाच माहीत.