काटेरी तार की बुडालेल्या बोटीचं लाकूड?

लंडनने पाहिलेल्या दोन कलाकृती, दोन्ही ख्रिस्ताविषयी. ब्रिटिश कलाकार मार्क वॉलिंजर यांचा ‘एक्के होमो’ (‘हा पाहा माणूस’: बांधलेल्या येशूला गर्दीपुढे उभं करताना रोमन सुभेदार पिलात हेच म्हणाला) १९९९ साली ट्रफाल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर उभा राहिला: माणसाएवढाच, हात मागे बांधलेले, डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेली काटेरी तार. चौक नेल्सनसारख्या विजेत्यांचा. त्या अवाढव्य चौथऱ्याच्या पार कडेला हा दाढी नसलेला, खुजा भासणारा कैदी. सगळी ताकद त्या मापात आहे. अंग मात्र संगमरवरासारखं दिसणाऱ्या रेझिनचं, आणि ते मला जरा जास्तच स्वच्छ वाटतं.

दुसरा, ब्रिटिश म्युझियममधला लॅम्पेडुसाचा क्रूस. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या इटालियन बेटाजवळ स्थलांतरितांची बोट बुडाली, शेकडो माणसं गेली. तिथले सुतार फ्रांचेस्को तुच्चो यांनी बोटीच्या फळ्यांतून वाचलेल्यांसाठी क्रूस केले. पुढे एक म्युझियमसाठीही. तो २०१५ मध्ये संग्रहात आला. दोन फळ्या, वर बोटीचा खरवडलेला रंग. कलाकुसर म्हणाल तर बेताचीच. पण येशूही सुताराघरचाच!

वॉलिंजर विचारतात: गर्दीतले तुम्ही कोणाच्या बाजूचे? तुच्चो विचारत बसत नाहीत. निवडायचंच तर माझं मत लाकडाला. अर्थात त्यामागची हकीकत ठाऊक नसेल तर ते नुसतंच लाकूड. वॉलिंजर यांच्या कैद्यापुढे पाटी वाचावी लागत नाही.