घरी येणाऱ्या स्तनपान सल्लागाराची सेवा: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात ज्या घरात "हिच्या अंगावर दूधच नाही" हे वाक्य कानावर येऊ लागले आहे, त्या घरासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मी पुण्यात माहेरी बाळंतपणाला आले होते. सिझेरियन झाले, घरी आल्यावर दुखणे आणि रडारड दोन्ही वाढले, आणि तेव्हा घरी येऊन मार्गदर्शन करणाऱ्या एका स्तनपान सल्लागारांना आम्ही बोलावले. त्या एकट्याच काम करतात, त्यांची संस्था नाही, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. शिवाय अशी सेवा घेताना काय मिळायला हवे, हे वाचणाऱ्याला समजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझे मत आधीच सांगते: ही सेवा घ्यावी, आणि पहिल्या दोन-चार दिवसांतच घ्यावी.

असे म्हणण्याचे कारण साधे आहे. त्यांच्या आधी आम्हाला सल्ला सगळ्यांनी दिला होता, पण बाळ प्रत्यक्ष कसे पिते हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणीही बसून पाहिले नव्हते. ज्या रुग्णालयात माझे बाळंतपण झाले, तेथे पहिल्या रात्री बाळ रडू लागताच "अजून दूध उतरलेले नाही" असे सांगून त्याला बाटलीने पावडरचे दूध पाजण्यात आले. पाजण्यापूर्वी बाळाला माझ्या छातीशी कोणी लावून पाहिले नाही. खरे तर पहिल्या दिवशी बाळाची गरजच एका वेळेला जेमतेम 5 ते 7 मिलिलिटर असते आणि तेवढा घट्ट, पिवळसर चीक बहुतेक आयांना असतोच. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते, सिझेरियननंतर क्वचित आणखी उशिरा. वार पडल्यानंतर शरीरातील संप्रेरकांचा तोल बदलतो आणि दूध वाढू लागते, पण पुढे ते किती तयार होईल हे स्तनातून किती दूध बाहेर पडते यावर ठरते. वरच्या दुधाने पोट भरून झोपलेले बाळ छातीशी ओढत नाही, त्यामुळे मागणी कमी होते, आणि मग "दूध नाही" हे भाकीत आपोआप खरे ठरू लागते. ही साखळी रुग्णालयातल्या पहिल्याच रात्री सुरू झाली, याचा राग मला आजही येतो. बाळाला वैद्यकीय कारणासाठी वरचे दूध द्यावे लागणे ही गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे; तेथे कारण सांगितले जाते, मोजून दिले जाते आणि आईचे दूध पिळून काढण्याची व्यवस्थाही सोबतच सुरू केली जाते.

घरी आल्यावर आईने मायेने सगळे सुरू केले होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, जेवणात बाजरीची भाकरी आणि लसूण, वर बाळंतशेपा. न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या मावशींनी माझी बोंडे चपटी असल्याचे निदान करून टाकले. बाळंतिणीच्या खाण्याला माझा अजिबात विरोध नाही. शस्त्रक्रियेतून उठलेल्या शरीराला ते हवेच असते आणि कोणीतरी आपल्यासाठी पहाटे उठून खीर शिजवते आहे याचे मोलही वेगळे असते. परंतु बाळाला दूध ओढता येत नसेल, तर कितीही खिरी खाल्ल्या तरी ते दूध बाळाच्या पोटात जाणार नाही. अडचण माझ्या ताटात नव्हती, बाळाच्या पकडीत होती, आणि ते ओळखायला जाणकार नजर लागली.

सल्लागार ताई आल्या तेव्हा बाळ नुकतेच चुळबुळू लागले होते. त्यांनी हात धुतले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि मला नेहमीसारखे पाजायला सांगितले. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी माझ्या आईला जवळ बोलावले. "काकू, जरा याच्या गालाकडे बघा. प्रत्येक वेळी खळी पडतेय ना? आणि टक् टक् असा आवाज ऐकू येतोय?" आई वाकून ऐकू लागली. गाल आत ओढले जाणे आणि तो आवाज, म्हणजे बाळाची पकड सुटते आहे, त्याच्या तोंडात फक्त बोंड आहे आणि भोवतीचा काळसर भाग बाहेरच आहे. बाळाला बाजूला घेतल्यावर त्यांनी मला स्तनाग्र दाखवले: एका बाजूने तिरपे चेपलेले, टोकाला पांढरी रेघ. "पकड बरोबर असेल तर ते गोल बाहेर येतं. तुम्हाला दुखतंय ते यामुळे, त्यात तुमच्या शरीराचा काही दोष नाही," असे त्या म्हणाल्या. ज्या चपट्या बोंडांवरून मावशींनी निदान केले होते, त्यांचा येथे फारसा संबंधच नव्हता, कारण बाळ बोंडाला नव्हे तर स्तनाला तोंड लावते, हे त्यांनी शांतपणे समजावले.

त्यानंतरचे काम त्यांनी अतिशय नेमकेपणाने केले. मी पाठ वाकवून स्तन बाळाच्या तोंडाकडे नेत होते; त्यांनी पाठीमागे उशा लावून मला टेकायला लावले आणि बाळाला माझ्याकडे आणायला शिकवले. डाव्या स्तनाला पाजताना उजव्या हाताने बाळाला धरायचे, तळवा त्याच्या पाठीवर, अंगठा आणि बोटे कानांच्या मागे मानेच्या बुंध्याशी, आणि डोक्याच्या मागच्या भागावर अजिबात दाब द्यायचा नाही, कारण डोके ढकलले की बाळ उलट मागे जोर लावते. बाळाचे पोट माझ्या पोटाला चिकटलेले, नाक बोंडासमोर, हनुवटी आधी टेकलेली. वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श झाला की बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करते, आणि त्याच क्षणी त्याला झटकन जवळ घ्यायचे. पहिल्या प्रयत्नात जमले नाही. त्यांनी स्वच्छ धुतलेल्या करंगळीने तोंडाच्या कोपऱ्यातून पकड हलकेच सोडवायला शिकवले आणि पुन्हा लावायला सांगितले. जमले तेव्हा फरक सांगावा लागला नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला, काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसणारा, जबड्याची हालचाल थेट कानापर्यंत, आणि दोन-तीन ओढींनंतर गिळल्याचा बारीकसा आवाज. घट्ट आवळलेली मूठ पिता पिता हळूहळू उघडत गेली, तीही त्यांनी आईलाच दाखवली. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेखालून धरून पाजण्याची पद्धत आणि रात्रीसाठी कुशीवर निजून पाजणे, हेही त्यांनी करून घेतले.

माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हा की त्यांनी घरातल्या माणसांना सोबत घेतले. बाळंतीण एकटी शिकली आणि घर जुन्याच समजुतींवर राहिले, तर रात्री दोन वाजता पुन्हा बाटलीच पुढे येते. आईने कपाटातून काढलेले चांदीचे बोंडले पाहून त्यांनी नाक मुरडले नाही. त्याची चोच आतून नीट घासता येत नाही, एवढे सांगून, गरज पडल्यास पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने कसे पाजायचे ते त्यांनी आईच्याच हातून करून घेतले. मध चाटवण्याबाबत मात्र त्या ठाम होत्या: एक वर्षाच्या आत मध नाही, कारण त्यातून बाळाला बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी आणि पाणीही पहिले सहा महिने नाही.

दूध पुरते की नाही याचे मोजमाप त्यांनी आमच्या हाती दिले, आणि मला वाटते त्यामुळे घरातली निम्मी भीती गेली. छाती मऊ लागणे किंवा बाळ सारखे पिणे यावरून काही कळत नाही, लंगोट मोजावेत. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर लघवी, काळ्या-हिरव्या शीचे चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळ्या शीत रूपांतर, आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे. जन्मानंतर वजन 7 टक्क्यांपर्यंत उतरणे नेहमीचे असते. ते 10 टक्क्यांच्या आसपास गेले तर तातडीने तपासून घ्यावे, आणि बहुतेक बाळे दोन आठवड्यांत जन्मवजन गाठतात. बाळ मलूल असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, कावीळ वाढत असेल, तर सल्लागाराला फोन करत बसू नका, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा, हे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. आपल्या कामाची सीमा ओळखणारा सल्लागारच मला विश्वासार्ह वाटतो.

दूध उतरल्यावर छाती दगडासारखी झाली, तेव्हा त्यांनी फोनवरून मदत केली. काळसर भागाभोवती बोटांनी थोडा वेळ हलका, सलग दाब द्यायचा म्हणजे सूज मागे सरून तो भाग मऊ होतो आणि बाळाला पकडता येतो. पाजल्यानंतर थंड पट्ट्या ठेवायच्या. जोरात चोळायचे नाही. मावशींना हे पटवायला वेळ लागला, कारण गाठी रगडून फोडायच्या असतात अशी त्यांची समजूत होती. ताप, थंडी किंवा लाल झालेला दुखरा भाग दिसला तर डॉक्टर, हे येथेही होतेच.

आता उणिवा. भेटीनंतर व्हॉट्सॲपवर आलेला अहवाल पूर्णपणे इंग्रजीत होता. ज्या आईला त्यांनी दीड तास मराठीतून इतके सुंदर समजावले, तिच्या हाती शेवटी तिला वाचता न येणारा कागद पडला, हे मला खटकले. संध्याकाळी सात नंतर संदेशांना उत्तर मिळत नाही. त्यांनाही घर आहे हे मान्य, पण नवजात बाळाच्या अडचणी रात्रीच वाढतात आणि हे आधी स्पष्ट सांगितले असते तर बरे झाले असते. एका भेटीचे शुल्क दोन हजार रुपये होते. माझ्यासारख्या घराला ते परवडले, आणि पंप, बाटल्या, निर्जंतुकीकरणाचे यंत्र अशा न लागणाऱ्या खरेदीपुढे ते कमीच म्हणायचे. पण ज्यांना याची खरी गरज आहे अशा असंख्य बायकांना ते परवडणार नाही. रुग्णालयाच्या बिलात जे मिळायला हवे होते, त्यासाठी पुन्हा वेगळे पैसे द्यावे लागतात, ही माझी मूळ तक्रार आहे.

म्हणून विनामूल्य काय मिळते तेही नोंदवते. केंद्र सरकारने ऑगस्ट 2016 मध्ये सुरू केलेल्या 'माँ' कार्यक्रमात सरकारी आरोग्य केंद्रांत स्तनपानाला मदत करणे अपेक्षित आहे. आशा सेविका जेथे आहेत तेथे, रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळासाठी त्यांच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या असतात. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत आवर्जून त्यांच्यासमोर पाजावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात स्तनपानाच्या पद्धती दाखवणारे व्हिडिओ मराठीतही आहेत, आणि ते बाळंतपणाच्या आधी, हातात वेळ असताना पाहणे उत्तम. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अतिदक्षता विभागात असेल आणि आईचे दूध तूर्त कमी पडत असेल, तर मानवी दुग्धपेढीबद्दल, म्हणजे इतर आयांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देणाऱ्या केंद्राबद्दल, डॉक्टरांना विचारता येते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी 1989 पासून आहे. आणखी एक गोष्ट ठाऊक असावी: 1992 च्या कायद्यानुसार पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास, तसेच त्यांचे मोफत नमुने देण्यास आपल्याकडे बंदी आहे. घरी जाताना कोणी डबा हातात ठेवला, तर विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

सल्लागार निवडताना प्रशिक्षण कोठे झाले ते विचारावे. आयबीसीएलसी ही आंतरराष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन मिळते आणि तिचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ती नसतानाही उत्तम काम करणाऱ्या अनुभवी परिचारिका आहेत, पण प्रश्न विचारल्यावर मिळणारे उत्तर सरळ असावे. पहिल्याच भेटीत पंप, उशी किंवा दूध वाढवणारी पावडर विकू पाहणाऱ्या व्यक्तीला मी दुसऱ्यांदा बोलावणार नाही. आमच्या सल्लागारांनी काहीही विकले नाही, औषध सुचवले नाही, आणि पंप घेऊ का असे विचारल्यावर आधी हाताने दूध काढायला शिकवले. भेटीची वेळ ठरवताना बाळाला शेवटचे पाजून तास-दीड तास झालेला असेल असे पाहावे, म्हणजे ते भुकेले असेल पण रडून थकलेले नसेल. आणि रात्री बाळाला उचलून देणारी जी व्यक्ती घरात असेल, मग ती आई असो, सासूबाई असोत की नवरा, तिने त्या वेळी घरीच थांबावे.