छावणी, शेत की रुग्णवाहिका? इस्रायलला सेवेला जायचं ठरवताना

इस्रायलला जाऊन तिथल्या सैनिकांसाठी काहीतरी करावं, अशी इच्छा आपल्याकडे दोन प्रकारच्या घरांत ऐकू येते. एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची घरं. अलिबाग, पनवेल, ठाणे, पुण्यातली. यांचे निम्मे नातेवाईक डिमोना, अश्दोद नाहीतर लोदला असतात, आणि भाचा-पुतण्या लष्करात असतोच, कारण तिथे लष्करी सेवा सक्तीची आहे. दुसरी ख्रिस्ती घरं, ज्यांना पवित्र भूमीची नुसती यात्रा करून समाधान होत नाही, हातानं काही करायचं असतं. दोघांच्याही कानावर पहिलं नाव येतं ते सार-एलचं, म्हणजे लष्कराच्या छावणीत स्वयंसेवा करायच्या योजनेचं, आणि बरेच जण तिथेच थांबतात. वाटा मात्र आणखी आहेत, आणि निवड करताना ज्या गोष्टी बघायच्या त्या माहितीपत्रकात नसतात.

आधी सार-एल. 1982 च्या लेबनॉन युद्धात राखीव दलातले पुरुष बोलावले गेले आणि गोलानमधल्या वस्त्यांचं पीक शेतात उभं राहिलं. निवृत्त लष्करी अधिकारी अहारोन दाविदी तेव्हा त्या भागात काम करत होते. त्यांनी अमेरिकेत माणसं पाठवून मदत मागितली आणि काही आठवड्यांत साडेसहाशेच्या आसपास लोक आले. त्यातून 1983 मध्ये सार-एल उभी राहिली. म्हणजे गंमत बघा, आज लष्कराच्या गोदामाशी जोडलेली ही योजना मुळात पीक वाचवण्यासाठी सुरू झाली.

आजचं स्वरूप असं. रविवारी छावणीत जायचं, गुरुवारी बाहेर पडायचं, एक ते तीन आठवडे. राहायला बराकी, जेवण लष्कराचं, अंगावर लष्कराचा गणवेश. पण हुद्दा नाही, शपथ नाही, हातात शस्त्र नाही. तुमच्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या सैनिक मुलींना माद्रिखा म्हणतात. वयानं त्या आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींएवढ्या, आणि साठीच्या काकांनाही त्यांचं ऐकावं लागतं. सकाळी झेंडावंदन, मग काम. विमानभाडं आपलं, नोंदणीचे पैसे आपले, सुट्टीच्या दिवसांचा खर्चही आपलाच धरून चाला. ज्यू असण्याची अट नाही. येणाऱ्यांत ख्रिस्ती बरेच असतात. धर्मप्रचार मात्र चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

काम काय, हे नीट समजून घ्या, कारण अपेक्षाभंग इथेच होतो. लष्कराच्या वैद्यकीय गोदामात बसलात तर समोर जखमींवर प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाच्या पाठपिशवीचं सामान येतं: रक्तस्राव थांबवायचे आवळपट्टे, बँडेज, सलाइनच्या नळ्या. प्रत्येक वस्तूवरची मुदतीची तारीख वाचायची, संपत आलेली बाजूला काढायची, नवी भरायची, यादीवर खूण करायची, पिशवी बंद. मग पुढची. दिवसभर हेच. दुसऱ्या छावणीत गेलात तर अन्नाची पाकिटं भरणं, रंगकाम, रेडिओची साफसफाई, गोदाम झाडणं. जखमी सैनिकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याचं चित्र मनात घेऊन जाणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. ज्याला सिनेगॉगमध्ये सणाच्या आदल्या रात्री खुर्च्या लावण्यात आनंद मिळतो, तो इथे रमतो. माझ्या मते ही एवढी एकच चाचणी पुरेशी आहे.

जेवणाचं थोडक्यात: नाश्त्याला काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर, चीज, अंडी, पाव, दुपारी मांसाहार असला तर त्याबरोबर दुधाचं काही नाही. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही. लसणीची चटणी मात्र खोलीतच ठेवा. जेवणघर कोशेर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारं असतं, तिथे बाहेरचा डबा उघडता येत नाही.

आता शेत. लेकेत इस्रायल ही संस्था शेतात उरलेलं, विक्रीला न जाणारं पीक गोळा करून गरजूंना पोचवते. 2003 पासून चालू आहे. यामागे सरळ धर्मग्रंथाचा आधार आहे: बायबलमधल्या लेवीयच्या 19 व्या अध्यायात आज्ञा आहे की शेताच्या कडा पुऱ्या कापू नका, सांडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. बायबलमधल्या गोष्टीत गरीब, परक्या देशातली विधवा रूथ हिनं बवाजच्या शेतात वेचलं ते याच नियमानं. ज्याला श्रद्धेपोटी जायचंय त्याला याहून जवळचं काम सापडणं कठीण. दोन-तीन तासांची पाळी, नोंदणी केली की झालं. मुक्काम, प्रवास, जेवण आपलं आपण बघायचं.

याशिवाय खासगी शेतकऱ्यांकडचं काम आहे, आणि 2023 मध्ये गाझाचं युद्ध सुरू झाल्यावर ते फार वाढलं. युद्धाआधी इस्रायलच्या शेतीत सुमारे 30,000 थाई कामगार होते. त्यातले हजारो परत गेले. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबले. शेतकऱ्यांची स्वतःची मुलं राखीव दलात. टोमॅटो वेलीवर लाल होऊन सडायला लागले तेव्हा शहरातले सेवानिवृत्त आणि परदेशी पाहुणे क्रेट घेऊन उतरले. सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाचा हा मोठाच घोर असतो, की घरचं पीक कोण काढणार. त्यामुळे शेतातली मदत ही सैनिकाला मदत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण शेत म्हणजे सुरक्षित आणि छावणी म्हणजे धोक्याची, असंही समजू नका. मार्च 2024 मध्ये लेबनॉनमधून आलेलं क्षेपणास्त्र उत्तरेच्या मार्गालियोत गावाजवळच्या बागेत पडलं. त्यात केरळचा एक शेतकामगार गेला आणि आणखी दोन भारतीय जखमी झाले. शेतात सायरन वाजला की जवळ आसरा असेलच असं नाही. उलटसुलट माहिती देणाऱ्या ओळखीच्यांपेक्षा नकाशा बघा: सीमेपासून किती किलोमीटर, आसरा किती पावलांवर, हे काम देणाऱ्याला सरळ विचारायचं.

तिसरी वाट मागेन दाविद अदोमची, म्हणजे तिथल्या रुग्णवाहिका सेवेची. परदेशी स्वयंसेवकांना आधी 60 तासांचं प्रशिक्षण असतं, मग गाडीवर पाळ्या. पंधरा दिवसांची रजा घेऊन जाणाऱ्याचं हे काम नाही. नर्सिंग केलेल्या किंवा वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या तरुणाला मात्र मी हेच सुचवीन. 101 या तिथल्या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही: सैनिक, अरब आजी, थाई मजूर, सगळे त्याच स्ट्रेचरवर.

ज्या मुद्द्यावर लोक घुटमळतात तोही बोलून टाकू. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसं मारली गेली, 251 ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो पॅलेस्टिनी, त्यात लहान मुलंही, मारले गेले. दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलवर वंशसंहाराचा दावा लावला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर अटक वॉरंट काढलं. छावणीत जाणाऱ्यानं हे माहीत असून जावं. बँडेज कुणाचाही जीव वाचवतं, हे खरं. पण गणवेश घातला की तुम्ही एका लष्कराच्या बाजूनं उभे आहात, हेही तितकंच खरं. काहींना यात अडचण वाटत नाही: आपली माणसं, आपलं रक्त, विषय संपला. ज्यांना वाटते त्यांनी मन मारून छावणीत जाऊ नये. त्यांच्यासाठी रूथचं शेत आहे आणि रुग्णवाहिका आहे. त्यात श्रद्धा कुठेही उणी पडत नाही.

पैशांचं गणित कडू आहे. मुंबईहून येणं-जाणं, विमा, मुक्काम मिळून जेवढा खर्च होतो, तेवढे पैसे पाठवले तर पंधरा दिवसांच्या आपल्या कष्टांपेक्षा जास्त काम होतं, यात शंका नको. घरबसल्या मदत हीसुद्धा वाट आहे. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली 80जीची सवलत मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मग जायचंच कशाला? कारण पैशानं सोबत होत नाही. एकट्यानं आलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलला कायमचं राहायला येऊन, लष्करात गेलेल्या मुलांना तिथे शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, जेवायला घर नसतं. तुमची डिमोनाची मावशी त्यातल्या एकाला शुक्रवारी बोलावत असेल, तर तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून मटणाचा रस्सा करू लागणं ही सेवा कोणत्याही योजनेत मोडत नाही, आणि तिला अर्जही लागत नाही.

कागदपत्रांत तीन ठिकाणी लोक अडकतात. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागतो, आणि स्वयंसेवेसाठी कोणता चालेल हे संस्थेकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. प्रवासविम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ते बारीक अक्षरातलं कलम वाचा. आणि घरात कुणाची नोकरी आखातात असेल, विशेषतः कुवेतमध्ये, तर इस्रायलच्या व्हिसाची खूण अडचणीची ठरू शकते. तिथे उतरताना शिक्क्याऐवजी सुटी चिठ्ठी देतात, पण व्हिसा पासपोर्टला चिकटवलेला असेल तर तो लपत नाही. परिस्थिती बिघडली की विमानं बंद होतात. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑपरेशन अजय आणि जून 2025 मध्ये ऑपरेशन सिंधू काढून सरकारला माणसं आणावी लागली. परतीचं तिकीट बदलता येईल असंच घ्या, आणि पोचल्यावर दूतावासात नाव नोंदवा.

तर कुणी काय निवडावं? पहिल्यांदाच जाणाऱ्याला, तेही मराठी कुटुंबातून, मी शेताची वाट सांगेन. हवी तेवढी पाळी घ्या, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी नाही गेलं तरी कुणाचं अडत नाही, आणि मधल्या दिवसांत नातेवाईकांच्या भेटी होतात. गुडघे दुखणाऱ्यांना उलट छावणीतलं बसून करायचं काम सोपं पडतं, मात्र तिथे वैद्यकीय फॉर्म भरताना रक्तदाबाच्या गोळ्या लपवू नका. एकटं राहायची भीती वाटणाऱ्यालाही छावणी बरी: दिवस आखलेला असतो, जेवायला माणसं असतात, इंग्रजीवर भागतं. नवराबायको मिळून जाणार असतील तर राहण्याची सोय एकत्र की वेगळी, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. तरुणांनी रुग्णवाहिका.

वेळ निवडताना तिश्री महिन्यातले ज्यू सण (सप्टेंबर-ऑक्टोबर) आणि पेसाह हा वल्हांडणाचा सण (मार्च-एप्रिल) टाळा. त्या दिवसांत कामकाज विस्कळित असतं आणि तिकिटं महाग. लिंबूवर्गीय फळांची तोडणी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालते, आणि हवाही आपल्याला मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये शेतात उतरायची हौस करू नका. आणि छावणीतून गुरुवारी सुटलात की डिमोनाची बस त्याच दिवशी धरा. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक बसगाड्या आणि आगगाड्या थांबतात, त्या शनिवारी रात्रीपर्यंत सुरू होत नाहीत.